गोठविलेले मांस व मासे : बर्फ सुटण्याचे शास्त्र

बाजाराच्या दिवशी आणलेले मटण किंवा मासे त्याच दिवशी शिजवावयाचे आणि रात्रीपर्यंत संपवावयाचे, हा खेड्यातील घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. किनाऱ्यावर जास्तीची मासळी खारवून किंवा वाळवून ठेवीत. घाटमाथ्यावर व विदर्भात सुक्या मासळीखेरीज दुसरी सोय नव्हती. गेल्या काही वर्षांत शीतकपाट, म्हणजे ज्याला सर्वजण फ्रीज म्हणतात ते, लहान गावांतील अनेक घरांत आले आणि हा रिवाज बदलला. आता आठवडी बाजारातून दोन किलो कोंबडी आणली जाते, निम्मी त्या दिवशी शिजते व निम्मी बर्फाच्या कप्प्यात जाते. जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, तेव्हा प्रत्यक्ष कोकणातही गोठविलेली सुरमई व कोळंबी विकत घेतली जाते. परंतु या नव्या रिवाजाबरोबर यावयास हवे होते ते ज्ञान पुष्कळ घरांत अद्याप पोहोचलेले नाही. गोठविण्याचे काम यंत्र करते. बर्फ सोडविण्याचे काम मात्र घरातील माणसांना करावे लागते, आणि चूक होते ती बहुधा तेथेच.

सर्वसाधारण घरातील प्रकार असा असतो. सकाळी सात वाजता घरातील बाई शेतावर निघते. संध्याकाळी परतल्यावर लगेच स्वयंपाक करता यावा म्हणून बर्फाच्या कप्प्यातील कोंबडीचा दगडासारखा गोळा ती काढते, परातीत ठेवते, मांजराच्या भीतीने वर टोपली पालथी घालते व जाते. यात हयगय म्हणावी असे काही नाही. तिच्या दिवसाची मांडणीच तशी आहे. पण त्या परातीत पुढील दहा तासांत जे घडते ते तिला दिसत नाही. ते काय असते, आणि तिची सोय न मोडता ते कसे टाळता येईल, याचा विचार येथे केला आहे. हा विषय शिक्षकांपुढे ठेवण्याचे कारण उघड आहे. त्यात येणारे प्रत्येक तत्त्व, म्हणजे उष्णतेचे वहन, अवस्थांतर, सूक्ष्मजीवांची वाढ, मुलांच्या विज्ञानाच्या अभ्यासातील आहे. आणि वर्गात पटलेली गोष्ट मुले संध्याकाळी घरी सांगतात, हा अनुभव सर्व शिक्षकांना आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. मुले सर्रास ‘बर्फ विरघळला’ असे म्हणतात. मीठ पाण्यात विरघळते. बर्फ उष्णतेने वितळतो. हा भेद भाषेच्या तासाइतकाच विज्ञानाच्या तासालाही महत्त्वाचा आहे. गोठविलेल्या मांसात वितळतो तो त्यातील बर्फ, मांस नव्हे. म्हणून ‘मांस वितळले’ असे न म्हणता घरोघरी बोलतात तसे ‘बर्फ सुटला’ म्हणणे अधिक बरोबर होय. दुसरा भेद बर्फात ठेवलेला मासा व गोठविलेला मासा यांतील आहे. माशाच्या अंगात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, पण त्यात क्षार व इतर द्रव्ये मिसळलेली असल्यामुळे ते शून्य अंशावर गोठत नाही. गोठण्यास प्रारंभ होण्यासाठी त्याचे तापमान शून्याखाली एक ते दोन अंश जावे लागते. वितळत असलेल्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते. म्हणून कोळणीच्या टोपलीतील किंवा मासेविक्याच्या पेटीतील बर्फात दोन दिवस पुरून ठेवलेला बांगडा थंडगार राहतो, परंतु गोठत नाही. घरच्या फ्रीझरमध्ये तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश असते. तेथे मात्र माशातील बहुतेक सर्व पाण्याचा बर्फ होतो. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी होण्यासाठी ८० कॅलरी उष्णता लागते. या काळात तापमान मुळीच वाढत नाही. जुन्या पुस्तकांत हिला सुप्त उष्णता म्हणत. आजच्या पाठ्यपुस्तकांत ‘अप्रकट उष्मा’ हा शब्द आहे. ८० हा आकडा केवढा मोठा आहे हे मुलांच्या सहज लक्षात येत नाही. तेवढ्याच उष्णतेने तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत, म्हणजे हात भाजण्याइतके, तापते असे सांगितले की ते उमगते. आता एक किलो माशाचा हिशेब फळ्यावर मांडावा. त्यात सुमारे ७५० ग्रॅम पाणी. ते सर्व गोठले आहे असे सोयीसाठी धरले, तर केवळ बर्फ वितळण्यास ७५० गुणिले ८०, म्हणजे ६०,००० कॅलरी लागतील. बर्फ सुटल्यावर तोच मासा शून्यापासून खोलीच्या ३० अंशांपर्यंत तापण्यास मात्र ३०,००० कॅलरींहून कमी उष्णता पुरते. याचा अर्थ नीट पाहावा. ज्या भागातील बर्फ अजून शिल्लक आहे तो भाग उष्णता घेत असूनही थंडच राहतो, आणि ज्या भागातील बर्फ संपला तो भाग त्यानंतर झपाट्याने गरम होऊ लागतो. परातीतील गोळ्याचा बाहेरचा भाग कोमट आणि आतला भाग दगड, ही स्थिती तासन्‌तास टिकते ती यामुळे.

बर्फ सुटण्यास इतका वेळ का लागावा, यास आणखी एक कारण आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. पाण्याच्या मानाने बर्फ उष्णतेचा सुमारे चौपट चांगला वाहक आहे. मासा गोठतो तेव्हा प्रथम बाहेरच्या थराचा बर्फ होतो. त्या बर्फातून आतली उष्णता सहज बाहेर निघून जाते, आणि गोठण्याचे काम भराभर आत सरकते. उलट प्रकारात बाहेरचा थर आधी सुटतो. तो आता पाण्याने भरलेल्या मऊ मांसाचा, म्हणजे मंद वाहकाचा, थर असतो व बाहेरची उष्णता त्यातूनच आत जावी लागते. बर्फ विकणारे लोक लादीभोवती लाकडाचा भुसा पसरून वर गोणपाट घालतात, हे मुलांनी जत्रेत पाहिलेले असते. गोठविलेल्या कोंबडीचा सुटलेला बाहेरचा थर आतल्या बर्फाला असाच गोणपाटासारखा उपयोगी पडतो. म्हणूनच गोठण्यास जेवढा वेळ लागला त्याहून सुटण्यास अधिक वेळ लागतो.

यासंबंधी एक सोपा प्रयोग वर्गात करण्यासारखा आहे. एकाच आकाराचे बर्फाचे तीन तुकडे घ्यावे. एक लाकडी पाटावर ठेवावा, दुसरा पालथ्या घातलेल्या जाड ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर, आणि तिसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीतील हवा काढून, पाण्याच्या बादलीत बुडवावा. प्रयोगापूर्वी मुलांना पाट व पातेले यांना हात लावून पाहावयास सांगावे आणि कोणता तुकडा अधिक वेळ टिकेल ते विचारावे. पातेले हाताला गार लागते, म्हणून त्याच्यावरचा बर्फ जास्त टिकेल असे बहुतेक मुले सांगतील. प्रत्यक्षात पाटावरचा तुकडा सर्वांत मागे राहतो. पातेले गार लागते ते हाताची उष्णता झटकन ओढून घेते म्हणून. तीच ओढलेली उष्णता ते बर्फालाही तितक्याच झटकन देते. बादलीतील तुकड्यावरून पाणी व हवा यांतील फरक दाखवावा. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक चांगले वाहक आहे. ओट्यावरच्या परातीत जो गोळा पाच तास हटत नाही, तो तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात पुष्कळ लवकर सुटतो, याचे रहस्य येथे आहे. वेळ घड्याळावर मोजून वहीत लिहून ठेवण्याचे काम मुलांकडेच द्यावे.

गणिताच्या तासाला उपयोगी पडेल अशीही एक गोष्ट यात आहे. उष्णतेला मधोमध पोहोचण्यास लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, तो साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकडीस जेवढा वेळ लागेल त्याच्या सुमारे चौपट वेळ चार सेंटिमीटर जाडीच्या तुकडीस, आणि सोळापट वेळ आठ सेंटिमीटरच्या गोळ्यास लागेल. ठोकळमानाने हा नियम पुरेसा खरा आहे, आणि घरातील व्यवहाराच्या दृष्टीने या सर्व विवेचनातील तो सर्वांत उपयुक्त भाग होय.

आता त्या परातीकडे परत यावयास हरकत नाही. मांस गोठविले म्हणजे त्यातील जंतू मेले, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कडक थंडीने माशातील काही परोपजीवी कृमी मरतात, परंतु जंतूंपैकी बहुतेक केवळ निपचित पडतात आणि ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतात. सुमारे ५ अंश ते ६० अंश या पट्ट्यात त्यांची वाढ होते. आपल्याकडील उन्हाळ्यातील स्वयंपाकघराचे तापमान त्या पट्ट्याच्या बरोबर मध्यभागी येते. अनुकूल स्थितीत काही जंतू दर २० मिनिटांस दुप्पट होतात. एका जंतूपासून आरंभ करून मुलांकडून हा गुणाकार करवून घ्यावा. एका तासाने ८, दोन तासांनी ६४, चार तासांनी ४,०९६ आणि सहा तासांनी २,६२,१४४. परातीतील गोळ्याचा बाहेरचा थर दुपारपर्यंत खोलीइतका गरम झालेला असतो, आणि संध्याकाळपर्यंतचा सर्व वेळ तो या पट्ट्यात काढतो. आतला भाग अजून थंड आहे, बोटाला कडक लागतो, म्हणून सर्वकाही ठीक आहे असे वाटते. धोका बाहेरच्या थरात आहे आणि बोट कडकपणा शोधते आत. कच्चे मांस व मासे खोलीत उघड्यावर दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नयेत, आणि ३२ अंशांहून अधिक उष्मा असेल तर एका तासाहून अधिक राहू देऊ नयेत, हा नियम सर्वत्र मान्य झालेला आहे. नागपूर-चंद्रपूरकडील मे महिन्याचा विचार केला म्हणजे दुसऱ्या भागाचे महत्त्व पटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ‘एवढे खळखळून उकळल्यावर जंतू कसे राहतील?’ आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर मुलांना व पालकांना नीट दिले पाहिजे. पुरेशा उष्णतेने जंतू मरतात हे खरे. परंतु त्यांपैकी काहींनी तोपर्यंत निर्माण केलेले विष उकळण्याने नाहीसे होत नाही. बांगड्याचे उदाहरण सर्वांना परिचयाचे होईल. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य मुबलक असते. मासा उबेत राहिला तर जंतू त्यापासून हिस्टामीन तयार करतात. ते शिजविल्याने जात नाही, गोठविल्यानेही जात नाही, आणि त्याचा वास किंवा चव सहसा ओळखू येत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, मळमळते. घरची माणसे ‘मासे बाधले’ असे म्हणून मुलास पुढे मासे देणेच बंद करतात. काही मुलांना माशांचे खरोखरच वावडे असते, हे विसरून चालणार नाही. त्याचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा. पण एकाच कालवणातून जेवलेल्या तिघाचौघांना एकाच वेळी हा त्रास झाला, तर दोष त्यांच्या प्रकृतीचा नसून मासा ज्या रीतीने ठेवला त्या रीतीचा असण्याचा संभव अधिक. श्वास घेण्यास अडचण वाटत असेल, किंवा उलट्या-जुलाबांनी मूल मलूल झाले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व वाटेत जलसंजीवनीचे घोट देत राहावे.

मग करावयाचे काय? सर्वांत निर्धोक रीत सर्वांत संथ आहे. गोळा बर्फाच्या कप्प्यातून काढून फ्रीजच्याच खालच्या भागात ठेवावा. तेथील तापमान ५ अंशांच्या आत असल्यामुळे बाहेरचा थर सुटला तरी त्या पट्ट्यात शिरत नाही. वेळ मात्र पुष्कळ लागतो. एक किलोच्या गोळ्यास बहुधा पूर्ण रात्र व दिवसाचा काही भाग द्यावा लागतो. शेतावर जाणाऱ्या बाईची सोय यात पुरेपूर साधते. जी परात ती सकाळी सातला ओट्यावर ठेवीत होती, ती आदल्या रात्री झोपण्यापूर्वी फ्रीजच्या तळाच्या फळीवर ठेवली की संध्याकाळी कोंबडी तयार असते. तळाच्याच फळीवर ठेवण्याचे कारण असे की बर्फ सुटताना लालसर पाणी गळते. ते रक्त नसून मांसातील पाणी व त्यात मिसळलेले प्रथिन असते. पण त्यात जंतू असतात आणि ते वरून खालच्या दुधावर, कोथिंबिरीवर किंवा चिरून ठेवलेल्या कांद्यावर टपकले तर ती वस्तू पुढे शिजणार नसल्यामुळे धोका अधिक. म्हणून खाली काठाचे भांडे असावे. ते पाणी फेकून द्यावे, आणि विळी, पाट, परात व हात साबणाने धुवावे. बाजारात हवा काढून घट्ट बंद केलेल्या पाकिटांतून मासे मिळतात. त्यांचे पाकीट फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वी कापून उघडावे. हवा नसलेल्या जागीच वाढणारा एक अत्यंत विषारी जंतू थंडीतही वाढू शकतो.

रात्री आठवण राहिली नाही तर पाण्याची रीत आहे. मांस न गळणाऱ्या पिशवीत घालून पिशवी थंड पाण्यात पूर्ण बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. अर्ध्या किलोचे चपटे पाकीट साधारण तासाभरात सुटते. थंड पाणी याचा अर्थ मात्र येथे लक्षात घेतला पाहिजे. परदेशी पुस्तकांत जेथे ‘नळाचे पाणी’ असे म्हटलेले असते तेथील नळाला गार पाणी येते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत छपरावरील टाकीचे पाणी आंघोळीला पुरेल इतके कढत असते. त्या दिवसांत माठातील पाणी घ्यावे किंवा बादलीत बर्फाचे काही खडे टाकावे. गरम पाण्याने काम लवकर होते म्हणून ते वापरण्याचा मोह टाळावा. त्याने बाहेरचा थर अर्धवट शिजतो आणि आतला तसाच राहतो. या रीतीने सोडविलेले मांस लगेच शिजवावे, पुन्हा ठेवून देऊ नये. सूक्ष्मलहरींची भट्टी, म्हणजे मायक्रोवेव्ह, फारच थोड्या घरांत असते. तिच्यातही कडा शिजून मधला भाग कच्चा राहण्याचा दोष आहे, कारण त्या लहरी पाण्यात चटकन शोषल्या जातात व बर्फात फार कमी.

तिसरी रीत म्हणजे बर्फ सोडविण्याच्या खटपटीतच न पडता गोठलेला पदार्थ तसाच शिजविणे. हे ऐकून पुष्कळ गृहिणी दचकतात. प्रत्यक्षात पातळ व सुट्या तुकड्यांच्या बाबतीत हीच रीत उत्तम आहे, कारण जंतूंना वाढीस लागणारा मधला कोमट काळ तीत अगदी थोडा राहतो. मटारांच्या बाबतीत सर्व घरांत हेच करतात. गोठविलेले मटार काढून ठेवण्याची वाट कोणी पाहत नाही, मूठभर सरळ पातेल्यात जातात. सोललेली कोळंबी अशीच उकळत्या रश्श्यात टाकता येते. सुरमईच्या किंवा पापलेटच्या बोटभर जाडीच्या तुकड्याही कालवणात सरळ सोडता येतात. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. तुकड्या पडताच कालवणाची उकळी बसते. वर सांगितलेली ती ८० कॅलरींची मागणी रश्श्यातून पुरविली जात असते. म्हणून शिजण्याचा वेळ पुन्हा उकळी फुटल्यापासून मोजावा. एकंदरीत ताज्या तुकडीच्या सुमारे दीडपट वेळ लागतो असे धरून चालावे. दुसरे, तुकड्यांतून पाणी सुटणार असल्यामुळे वाटण कालवताना पाणी हात राखून घालावे, नाहीतर कालवण पांचट होते. मासा शिजला की त्याचे काचेसारखे अर्धपारदर्शक मांस पांढरे व अपारदर्शक होते आणि काट्याजवळ पाकळ्या सहज सुटतात. ही परीक्षा सर्वांत जाड तुकडीच्या मध्यभागी करावी, कडेला नव्हे.

कोंबडी व मटण यांचे सुटे तुकडे असतील तर तेही सरळ पातेल्यात किंवा कुकरमध्ये घालण्यास हरकत नाही. गोळा असेल तर प्रथम झाकण ठेवून थोड्या पाण्यात उकळावा, बाहेरचे तुकडे सैल होतील तसे कालथ्याने वेगळे करावे, आणि सर्व सुटे झाल्यावरच शिट्ट्यांचा हिशेब धरावा. खिम्याच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. अखंड तुकड्यात जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग सर्वत्र मिसळला जातो. कोंबडीच्या हाडालगतच्या मांसाचा रंग पूर्ण शिजल्यावरही कधी कधी तांबूस राहतो आणि कधी कच्चेपणीच फिकट होतो, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. ज्या वसतिगृहांत सामिष जेवण दिले जाते तेथे स्वयंपाकघरात एक तापमापक ठेवणे इष्ट होय. कोंबडीच्या सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश, खिम्यात ७१ अंश व माशात ६३ अंश तापमान झाले असले पाहिजे. अख्खी कोंबडी किंवा मटणाचा मोठा रट्टा मात्र गोठलेला असताना शिजविण्यास घेऊ नये. बाहेरचे मांस हाडापासून गळून पडेपर्यंत आतले कच्चेच राहते.

तळण्याचा प्रकार वेगळा काढून सांगणे अवश्य आहे, कारण त्यात भाजण्याचा धोका आहे. तळणीचे तेल १७०-१८० अंशांपर्यंत तापलेले असते. गोठलेल्या तुकडीवर चिकटलेला बर्फ त्यात पडला की क्षणात त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान दीड हजारांहून अधिक पटींनी वाढते. ती वाफ तेलासकट बाहेर उसळते. चुलीजवळ लहान मुले बसलेली असतात, हे विसरू नये. शिवाय गोठलेल्या तुकडीस हळद, मीठ व आगळ लागत नाहीत. रवा किंवा तांदळाचे पीठ चिकटत नाही, तेल निवते आणि तुकडी तेलकट होते. तेव्हा तळावयाच्या तुकड्यांचा बर्फ पूर्णपणे सुटू द्यावा व त्या फडक्याने टिपून कोरड्या कराव्या. कारखान्यात आवरण देऊन गोठविलेले पातळ तुकडे तसेच तळण्यासाठीच तयार केलेले असतात. तो अपवाद समजावा व पाकिटावरील सूचना वाचाव्या.

बर्फ सोडविण्याच्या बऱ्याचशा अडचणींचे मूळ गोठविताना केलेल्या चुकीत असते. दोन किलो कोंबडी आणली, ज्या पिशवीत आणली त्याच पिशवीत गाठ मारून कप्प्यात कोंबली, की तिचा आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा गोळा होणार. त्याऐवजी एका वेळच्या जेवणापुरते तुकडे पिशवीत एकाच थरात पसरून, हवा काढून, पिशवी ताटावर आडवी ठेवून गोठवावी. दोन-तीन सेंटिमीटर जाडीची ही पाकिटे नंतर पुस्तकांसारखी उभी रचता येतात. जाडीच्या वर्गाचा नियम येथे गृहिणीच्या बाजूने काम करतो. हवा काढण्याचा फायदा असा की बर्फाची थेट वाफ होऊन मांसावर जे कोरडे पांढुरके डाग पडतात ते टळतात.

पातळ पाकिटाचा आणखी एक गुण आहे; ते लवकर गोठते. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन गृहस्थ १९१२ नंतरच्या काही वर्षांत कॅनडाच्या ईशान्येकडील लॅब्रॅडॉरच्या हिमप्रदेशात राहत होता. तेथील मूळ रहिवासी बर्फाला भोक पाडून मासे पकडीत. बाहेर काढलेला मासा त्या कडाक्याच्या थंडीत व वाऱ्यात पाहतापाहता गोठे, आणि कित्येक दिवसांनी शिजविला तरी ताज्यासारखा लागे. कारण त्याच्या ध्यानात आले. पाणी सावकाश गोठले तर बर्फाचे मोठे व अणकुचीदार स्फटिक होतात व मांसाची वीण फाडतात. झटपट गोठले तर स्फटिक बारीक राहतात. या निरीक्षणावरून त्याने झटपट गोठविण्याची यंत्रे बनविली, आणि १९३० साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहरात अशा पदार्थांची किरकोळ विक्री सुरू झाली. घरच्या फ्रीजला तेवढा वेग साधत नाही. त्यामुळे बर्फ सुटताना घरी गोठविलेल्या माशातून पाणी अधिक गळते. बोंबलासारख्या अतिशय पाणीदार माशाची तर पुरती गाळण होते. तो ताजाच खावा किंवा सुकाच.

स्फटिकांनी होणारी ही फाटाफूट कोणत्याही शाळेत दाखविता येते, आणि त्यासाठी मांस आणण्याची जरुरी नाही. ज्यांच्या घरी सामिष चालत नाही अशी मुले प्रत्येक वर्गात असतात, त्यांनाही हा प्रयोग घरी करता येईल. एक टणक टोमॅटो रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि सकाळी शाळेत आणून बशीत ठेवावा. शेजारी तसाच न गोठविलेला टोमॅटो असावा. दुपारच्या सुट्टीपर्यंत पहिल्याची साल सुरकुतते, तो लिबलिबीत होतो आणि बशीत पाणी साचते. पेशींच्या भिंती फुटल्या म्हणजे काय होते, हे चित्रापेक्षा यावरून अधिक चांगले समजते.

एकदा सुटलेले मांस पुन्हा गोठवावे काय, असा प्रश्न पालकांकडून हमखास येतो. फ्रीजच्या खालच्या भागात सुटलेले व तेथेच राहिलेले असेल तर चालते, मात्र दुसऱ्यांदा पाणी गळून ते चोथट होते. ओट्यावर सुटलेले असेल तर नाही. शिजवून मग गोठविणे केव्हाही अधिक बरे.

मात्र मांस आपण बाहेर काढले नाही म्हणून ते सुटलेच नाही, असे धरून चालत नाही. गावी वीज जाते. कधी दोन तास, कधी वादळाने तारा तुटल्यावर दोन दिवस. फ्रीझर न उघडता ठेवला तर थंडी पुष्कळ वेळ टिकते, आणि रिकाम्यापेक्षा भरलेल्या फ्रीझरमध्ये ती अधिक टिकते, कारण आतील प्रत्येक पाकिटाला वितळण्यापूर्वी तीच ८० कॅलरींची रक्कम मोजावी लागते. पण घरची मंडळी लग्नाला गेली असता वीज गेली व परत आली, तर सगळे सुटून पुन्हा गोठते आणि परतल्यावर पाहणाऱ्याला पाकिटे पूर्वीइतकीच कडक दिसतात. यावर एक साधी युक्ती आहे. वाटीत पाणी घेऊन त्याचा पक्का बर्फ करावा, त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे व वाटी तशीच फ्रीझरमध्ये राहू द्यावी. परतल्यावर नाणे वरच असेल तर पाकिटे वापरावी. ते मध्यावर रुतलेले असेल तर बर्फ बराच वितळला होता, आणि असे मांस-मासे मुलांना न देणेच बरे. नाणे बर्फाच्या तळाशी दिसले, तर आतील सर्व मांस-मासे वासाची परीक्षा न घेता खड्ड्यात पुरून टाकावे.